एका बाईची अनेक चरित्रे : मादाम ब्लाव्हाट्स्की वाचाव्यात कशा?

१/
१६ फेब्रुवारी १८७९ रोजी मुंबई बंदरात चार परदेशी पाहुणे उतरले. त्यांत ४७ वर्षांची एक बाई होती : जन्माने रशियन, नागरिकत्वाने नुकतीच अमेरिकन झालेली. हिमालयापलीकडच्या अदृश्य महात्म्यांची आपण शिष्या आहोत, असा तिचा दावा होता. हेलेना पेट्रोव्हना ब्लाव्हाट्स्की हे तिचे नाव. गेल्या सव्वाशेहून अधिक वर्षांत तिची डझनावारी चरित्रे लिहिली गेली. ती एकापाठोपाठ एक वाचली, तर एकाच नावाच्या चार-पाच निरनिराळ्या बायका होऊन गेल्या की काय, अशी शंका येते. हा धागा त्या चरित्रांविषयी आहे.

२/
आधी निर्विवाद तपशील. जन्म १८३१, येकातेरिनोस्लाव्ह, म्हणजे आजच्या युक्रेनमधील द्निप्रो. वडील लष्करी अधिकारी, आई कादंबरीकार, आजी वनस्पतिशास्त्राची व्यासंगी. १८४९ मध्ये येरेवानचे उपराज्यपाल निकिफोर ब्लाव्हाट्स्की यांच्याशी विवाह. काही महिन्यांतच पलायन. १८७३ मध्ये न्यूयॉर्क. १८७५ मध्ये कर्नल हेन्री ऑल्कॉट आदींसह थिऑसॉफिकल सोसायटीची स्थापना. १८७७ मध्ये ‘आयसिस अनव्हेल्ड’, १८८८ मध्ये ‘द सीक्रेट डॉक्ट्रिन’. मृत्यू ८ मे १८९१, लंडन.

३/
एवढ्या चौकटीवर सर्वांचे एकमत आहे. मतभेद सुरू होतात ते या चौकटीत काय भरायचे यावरून. कुणाच्या मते ब्लाव्हाट्स्कीबाई एकोणिसाव्या शतकातील सर्वांत मोठ्या ठग होत्या, कुणाच्या मते युगप्रवर्तक गुरू, कुणाच्या मते रशियाच्या हेर, तर कुणाच्या मते जखमी बालपणातून उभी राहिलेली एक विलक्षण कल्पक स्त्री. प्रत्येक चरित्रकार पुरावे देतो आणि प्रत्येकाचे पुरावे वरकरणी भक्कम वाटतात. सामान्य वाचक मग आपल्या मूळ कलाला साजेसे एखादे चरित्र निवडतो आणि प्रश्न मिटवून टाकतो.

४/
या धाग्याचे म्हणणे असे की, ‘बाई खऱ्या की खोट्या?’ हा प्रश्न घेऊन या चरित्रांकडे जाणे ही वाचनाची चुकीची सुरुवात आहे. पहिला प्रश्न साधनांचा असावा : हे विधान कुणाच्या तोंडचे, घटनेनंतर किती वर्षांनी केलेले, मूळ कागद आज कुठे आहे आणि त्याला खोटे ठरवण्यात वा खरे ठरवण्यात कुणाचे हित होते? मराठी वाचकाला ही कसोटी परकी नाही. ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड १८९८ मध्ये प्रसिद्ध करताना राजवाड्यांनी बखरींपुढे समकालीन अस्सल पत्रे ठेवली, ती याच आग्रहाने.

५/
ब्लाव्हाट्स्कीबाईंच्या बाबतीत मात्र बखरच अधिक आहे आणि पत्रे वादग्रस्त आहेत. म्हणून त्यांच्या चरित्रग्रंथांची पारख तीन ठिकाणी करावी लागते. पहिले ठिकाण, १८४९ ते १८७३ हा जवळजवळ अंधारातला काळ. दुसरे, १८८४-८५ चे अड्यारचे प्रकरण. तिसरे ठिकाण बहुतेक वाचकांच्या आणि चरित्रकारांच्याही नजरेतून सुटते : त्यांच्याभोवती वावरलेली हिंदी माणसे. एकेक पाहू.

६/
पहिले ठिकाण. नवऱ्याचे घर सोडल्यापासून अमेरिकेत पोहोचेपर्यंत सुमारे चोवीस वर्षे जातात. या काळाची समकालीन कागदपत्रे अत्यंत तुटक आहेत. बाई स्वतः सांगत की आपण इजिप्त, अमेरिका, हिंदुस्थान पालथे घातले आणि तिबेटात गुरूंच्या सान्निध्यात राहिलो. कधी एक वर्ष सांगत, कधी दुसरे. एकट्या युरोपीय स्त्रीने त्या काळात तिबेटात दीर्घ मुक्काम करणे जवळजवळ अशक्यप्राय होते. बाईंच्या स्वतःच्या कथनापलीकडे त्याला ठोस समकालीन आधार मिळत नाही.

७/
पहिले मोठे चरित्र आले ते १८८६ मध्ये, ए. पी. सिनेट यांचे. सिनेट अलाहाबादच्या ‘पायोनियर’ या वजनदार इंग्रजी वृत्तपत्राचे संपादक राहिलेले आणि बाईंचे अनुयायी. त्यांच्या ग्रंथाचा आधार काय? बाईंनी स्वतः सांगितलेल्या हकिकती आणि त्यांची बहीण व्हेरा झेलिखोव्हस्की हिच्या आठवणी. तेही बाई खासगी आयुष्याविषयी बोलण्यास नाखूश असताना. म्हणजे चरित्रनायिका हीच चरित्राची मुख्य साक्षीदार. पुढे अनेक श्रद्धाळू चरित्रांनी हीच सामग्री उचलली, आणि वारंवार छापली गेल्याने तिला पुराव्याचे रूप आले.

८/
विरोधकांनी हीच पोकळी वेगळ्या मालाने भरली. पुढे रशियाचे पंतप्रधान झालेले सर्गेई विट्टे हे बाईंचे मावसबंधू. त्यांच्या आठवणींत बाई एका ऑपेरा गायकासोबत फिरताना, नाना उद्योग करताना दिसतात. टीकाकार हा मजकूर ‘घरच्या माणसाची साक्ष’ म्हणून देतात. पण विट्टे यांचा जन्म १८४९ चा, म्हणजे बाईंनी घर सोडले त्याच वर्षीचा. आठवणी लिहिल्या त्या अनेक दशकांनंतर, आणि त्या प्रसिद्ध झाल्या त्यांच्या मृत्यूनंतर. त्यांतला बराचसा भाग घरातील मोठ्यांच्या कुजबुजीतून आलेला असणार, हे उघड आहे.

९/
बाईंना मूल झाले होते काय, यावर तर चरित्रकारांनी पानेच्या पाने खर्ची घातली आहेत. युरी नावाचे एक अपंग मूल त्यांच्या सांभाळात होते. ते त्यांचेच की दुसऱ्या कुणाचे? १८८५ मध्ये वुर्झबर्ग येथील डॉक्टरकडून बाईंनी आपण कधी बाळंत झालो नसल्याचे प्रमाणपत्र मिळवले, आणि त्या प्रमाणपत्राच्या खरेपणावरही वाद झाला. चौपन्न वर्षांच्या विदुषीला आपल्या म्हणण्याची विश्वसनीयता सिद्ध करण्यासाठी शरीराचा दाखला द्यावा लागला. असा दाखला कुणा पुरुष गुरूकडे कुणी मागितला नसता. चरित्र वाचताना हेही ध्यानात ठेवावे.

१०/
मग चोवीस वर्षांचे करायचे काय? प्रामाणिक चरित्रकार तिथे कोरी जागा ठेवतो. ‘येथे साधन नाही’ असे लिहायला धैर्य लागते, कारण कोरी जागा खपत नाही. भक्त ती तिबेटने भरतात आणि निंदक प्रियकरांनी. हातातले चरित्र कोणत्या जातीचे आहे हे ओळखायचे असेल, तर याच काळावरचे प्रकरण आधी उघडावे. तिथे ‘म्हणतात की’, ‘असावे’, ‘बाईंच्या सांगण्याप्रमाणे’ हे शब्द जागच्या जागी असतील, तर त्या लेखकावर पुढेही काही विश्वास ठेवता येईल.

११/
आता दुसरे ठिकाण; त्यासाठी मुंबईला परत यावे लागेल. बाई आणि ऑल्कॉट गिरगावात राहिले. ऑक्टोबर १८७९ मध्ये तिथून ‘द थिऑसॉफिस्ट’ हे मासिक सुरू झाले. गोरे लोक हिंदू आणि बौद्ध धर्मांची जाहीर थोरवी गातात, हे दृश्यच नवे होते. मिशनरी संतापले, सुशिक्षित हिंदी तरुण हरखले. बाई रशियन असल्याने सरकारला हेरगिरीचा संशय होता आणि पोलिसांची पाळत होती. पुढे बिऱ्हाड ब्रीच कँडीच्या ‘क्रोज नेस्ट’ या बंगल्यात गेले. डिसेंबर १८८२ मध्ये सोसायटीचे मुख्यालय मद्रासजवळ अड्यारला हलले.

१२/
या वर्षांत ‘चमत्कार’ घडू लागले. ऑक्टोबर १८८० मध्ये सिमल्याच्या एका वनभोजनात एक पाहुणा जास्त आला आणि पेला कमी पडला. बाईंनी जागा दाखवली, माती उकरली, आणि त्याच संचातला पेला व बशी निघाली. याच सुमारास सिनेटना कूटहूमी आणि मोर्य या महात्म्यांची पत्रे येऊ लागली. सिनेटनी १८८१ मध्ये ‘द ऑकल्ट वर्ल्ड’ लिहून ही हकीकत जगापुढे मांडली. ती पत्रे १९२३ मध्ये ग्रंथरूपाने छापली गेली. मूळ पत्रे आज ब्रिटिश लायब्ररीत आहेत.

१३/
तडा जायला फार वेळ लागला नाही. हेन्री किडल या अमेरिकन गृहस्थाने १८८३ मध्ये लंडनच्या एका नियतकालिकात तक्रार केली : ‘द ऑकल्ट वर्ल्ड’मध्ये छापलेल्या महात्म्याच्या एका पत्रातील मजकूर त्याच्या १८८० च्या भाषणातून जवळजवळ जसाच्या तसा उचललेला आहे. महात्म्याकडून खुलासा आला : मजकूर मानसिक मार्गाने पाठवताना लिहून घेणाऱ्या शिष्याच्या हातून काही भाग गळाला. हा खुलासा वाचून सोसायटीतील काही निष्ठावंतही अस्वस्थ झाले. श्रद्धाळू चरित्रांत हा प्रसंग किती ओळींत उरकला आहे, हे पाहणे बोधप्रद ठरते.

१४/
खरा स्फोट १८८४ चा. एमा आणि अलेक्सी कूलों हे जोडपे १८८० पासून बाईंच्या घरी होते. एमा घर सांभाळत असे, अलेक्सी सुतारकाम व डागडुजी पाही. एमाची आणि बाईंची ओळख कैरोतली, जुनी. बाई व ऑल्कॉट युरोपात असताना अड्यारच्या मंडळींनी या दोघांना घराबाहेर काढले. सप्टेंबरमध्ये मद्रासच्या ‘ख्रिश्चन कॉलेज मॅगझिन’मध्ये बाईंची म्हणून काही पत्रे झळकली. त्यांत चमत्कार कसे घडवायचे याच्या सूचना होत्या. पत्रे कूलोंबाईंनी पुरवली होती. बाईंनी ती बनावट असल्याचे सांगितले.

१५/
लंडनच्या ‘सोसायटी फॉर सायकिकल रिसर्च’ने चौकशीसाठी रिचर्ड हॉजसन या तरुण अभ्यासकाला पाठवले. तो डिसेंबर १८८४ मध्ये अड्यारला आला, काही महिने राहिला, साक्षी घेतल्या. डिसेंबर १८८५ मध्ये अहवाल आला. निष्कर्ष जहाल होता : बाई ना कुणा गुप्त ऋषींच्या दूत, ना निव्वळ बाजारू साहसी स्त्री, त्या इतिहासातील अत्यंत निष्णात आणि कुतूहलजनक लबाडांपैकी एक. हेतू काय, तर रशियाचे हित, असा हॉजसनचा तर्क. तोवर बाईंनी आजारी अवस्थेत हिंदुस्थान कायमचा सोडला होता.

१६/
पुढील शंभर वर्षे बहुतेक टीकात्मक चरित्रांचा कणा हाच अहवाल होता. विश्वकोशांतील नोंदीही त्याच्याच आधारे लिहिल्या गेल्या. अनेक लेखकांनी मूळ सुमारे दोनशे पाने न वाचता केवळ निष्कर्षाची ओळ उचलली असावी, असे त्यांचे लिखाण पाहून वाटते. अहवाल बारकाईने वाचला तर त्यात निरीक्षण आणि तर्क यांची सरमिसळ दिसते. हस्ताक्षरतज्ज्ञाने आधी एक मत दिले, नंतर आणखी नमुने पाहून ते फिरवले. हेरगिरीच्या हेतूला तर पुरावा असा नव्हताच.

१७/
१९८६ च्या एप्रिलमध्ये त्याच सोसायटीच्या नियतकालिकात व्हर्नन हॅरिसन यांचा प्रदीर्घ लेख आला. हॅरिसन हे बनावट कागदपत्रांचे जाणकार, त्या सोसायटीचे जुने सदस्य आणि थिऑसॉफिस्ट नसलेले. त्यांनी हॉजसनच्या अहवालाला पक्षपाती ठरवले : आरोपीच्या विरुद्ध जाणारा पुरावा कितीही दुबळा असला तरी घेतलेला, बाजूचा पुरावा डावललेला. महात्म्यांची पत्रे बाईंनीच हस्ताक्षर बदलून लिहिली, हा हॉजसनचा दावा आपल्याला सिद्ध झालेला दिसत नाही, असे त्यांचे मत पडले.

१८/
आता हॅरिसन काय म्हणाले नाहीत तेही पाहावे. महात्मे अस्तित्वात होते, असे ते म्हणाले नाहीत. चमत्कार खरे होते, असेही नाही. तो लेख एका सदस्याचे मत होता. ‘संस्थेने शंभर वर्षांनी माफी मागितली’ हे जे वाक्य श्रद्धाळू लिखाणात आजही फिरते, त्याला आधार नाही. एका बाजूने हॉजसनचा निष्कर्ष न तपासता वापरला आणि दुसऱ्या बाजूने हॅरिसनचा. अहवाल सदोष आहे म्हणून आरोपी निर्दोष ठरत नाही. खालच्या कोर्टातला खटला नीट चालला नाही एवढेच त्यातून सिद्ध होते.

१९/
फेरखटला आता होऊ शकत नाही. कूलोंबाईंकडची मूळ पत्रे आज उपलब्ध नाहीत. उरले ते छापील उतारे. ज्या कपाटातून महात्म्यांची पत्रे प्रकट होत, त्या अड्यारच्या ‘देवघरा’ला मागून गुप्त फळी होती असा आरोप होता, पण हॉजसन पोहोचण्यापूर्वीच ते कपाट सोसायटीच्याच मंडळींनी नष्ट केले होते. फिर्यादीचा मुख्य कागद नाहीसा, बचावाची मुख्य वस्तू जाळलेली. जे चरित्र या दोन्ही गोष्टी एकाच प्रकरणात सांगते ते जपून ठेवावे. एकच सांगणाऱ्या चरित्राचा पक्ष लगेच कळतो.

२०/
वाङ्मयचौर्याच्या आरोपालाही हीच कसोटी लावता येते. विल्यम एमेट कोलमन या अमेरिकन प्रेतविद्यावाद्याने ‘आयसिस अनव्हेल्ड’मध्ये सुमारे शंभर ग्रंथांतून घेतलेले दोन हजार उतारे आढळल्याचे सांगितले. त्याचा लेख व्सेवोलोद सोलोव्योव्ह या रशियन कादंबरीकाराच्या बाईंवरील विरोधी पुस्तकाच्या इंग्रजी आवृत्तीला १८९५ मध्ये जोडला गेला. कोलमनचे बाईंशी वैर होते आणि त्याने जाहीर केलेला सविस्तर ग्रंथ कधी आलाच नाही. पण वैऱ्याने दाखवलेला उतारा वैऱ्याने दाखवला म्हणून खोटा होत नाही. इथे दोन्ही पुस्तके शेजारी ठेवून वाचकाला स्वतः ताडता येते, आणि अनेक उतारे खरोखर जुळतात.

२१/
विसाव्या शतकातील चरित्रांवर त्यांच्या त्यांच्या काळाचा शिक्का आहे. जॉन सिमंड्स यांनी १९५९ मध्ये बाईंचे चरित्र लिहिले. अलिस्टर क्राउली या दुसऱ्या बदनाम गूढवाद्याचेही चरित्रकार तेच. त्यांची लेखणी खुसखुशीत, पण नायिकेकडे पाहण्याची नजर तमाशबिनाची. १९८० च्या मॅरियन मीड मानसशास्त्राकडे झुकतात. १९९३ च्या सिल्व्हिया क्रॅन्स्टन यांचा जाडजूड ग्रंथ सामग्रीने समृद्ध, पण वकिली थाटाचा. त्याच वर्षीच्या पीटर वॉशिंग्टन यांच्या पुस्तकात उपहास जास्त. २०१२ च्या गॅरी लॅकमन यांच्या पुस्तकात सहानुभूती आणि संशय एकत्र नांदतात.

२२/
वेगळी वाट धरली ती के. पॉल जॉन्सन यांनी, १९९४ मध्ये. त्यांच्या मते महात्मे हे हाडामांसाच्या माणसांवर चढवलेले मुखवटे होते : मोर्य म्हणजे काश्मीरचे महाराजा रणबीरसिंह, कूटहूमी म्हणजे शीख सरदार ठाकरसिंह संधनवालिया. थिऑसॉफिस्ट आणि टीकाकार दोघांनीही यावर आक्षेप घेतले आणि अनेक ओळखी केवळ तर्कावर उभ्या आहेत, हे खरेच. तरीही या पुस्तकाचे मोल आहे. बाईंच्या चरित्रात हिंदी माणसे कर्ती म्हणून असू शकतात, हा प्रश्न त्याने विचारला. इथून तिसरे ठिकाण सुरू होते.

२३/
दामोदर मावळणकर. जन्म १८५७, अहमदाबादच्या सधन मराठी कऱ्हाडे ब्राह्मण कुटुंबात. १८७९ मध्ये मुंबईत सोसायटीत आले आणि लवकरच ‘द थिऑसॉफिस्ट’चा कारभार त्यांच्याकडे आला. त्यांनी जात सोडली आणि का सोडली हे १८८० मध्ये त्याच मासिकात आपल्या नावाने छापले. त्या काळी एका बावीस-तेवीस वर्षांच्या ब्राह्मण तरुणाने हे करणे म्हणजे घर, वारसा आणि पंगत तिन्हींना मुकणे. बापलेकांचे बिनसले. बालपणीच लग्न झालेल्या त्यांच्या पत्नीचे पुढे काय झाले, हा प्रश्न चरित्रकारांना फारसा पडलेला दिसत नाही.

२४/
हॉजसनने दामोदरना बाईंच्या फसवणुकीतील साथीदार ठरवले. तो अड्यारला असतानाच, फेब्रुवारी १८८५ मध्ये, दामोदरनी अड्यार सोडले. दार्जिलिंगमार्गे ते सिक्कीमकडे गेले. तिबेटात गुरूंना भेटणे हा हेतू. एप्रिलनंतर त्यांना कुणी पाहिल्याची खात्रीशीर नोंद नाही. बर्फात गारठून मेल्याची वार्ता आली. गुरूंकडे पोहोचल्याची श्रद्धा सोसायटीत टिकून राहिली. वय अवघे सत्तावीस-अठ्ठावीस. गुरू काल्पनिक आहेत हे ठाऊक असलेला साथीदार त्यांना भेटण्यासाठी हिमालयाच्या थंडीत एकटा जाईल काय? हा प्रश्न हॉजसनच्या निष्कर्षाला कुठे तरी अडतो.

२५/
हाच प्रश्न भक्तांनाही टोचायला हवा. महात्म्यांची पत्रे खुद्द बाईंनी किंवा त्यांच्या भोवतालच्या कुणी लिहिली असतील, तर त्या पत्रांवर विसंबून एक तरुण प्राणाला मुकला असण्याची शक्यता उभी राहते. मग ‘खेळकर चलाखी’, ‘उदात्त हेतूसाठी केलेली लहानशी लबाडी’ ही सौम्य चरित्रांची भाषा तोकडी पडते. सिमल्याचा पेला हा गमतीचा विषय होऊ शकतो. दामोदर होऊ शकत नाहीत. पण बहुतेक चरित्रांत पेल्याला जितकी जागा मिळते, तितकी दामोदरना मिळत नाही.

२६/
दुसरे नाव तुकाराम तात्या पडवळ. यांनी १८६१ मध्ये ‘जातिभेदविवेकसार’ हे जातिव्यवस्थेवर कठोर टीका करणारे मराठी पुस्तक ‘एक हिंदू’ या टोपणनावाने लिहिले होते. त्याची दुसरी आवृत्ती १८६५ मध्ये जोतीराव फुल्यांनी प्रसिद्ध केली. हेच तुकाराम तात्या पुढे मुंबईच्या थिऑसॉफिकल वर्तुळातील एक आधारस्तंभ झाले आणि त्यांनी धर्मग्रंथांच्या प्रकाशनाला वाहून घेतले. फुल्यांच्या सोबतीने जातिभेदावर प्रहार करणारा माणूस ब्लाव्हाट्स्कीबाईंच्या दाराशी का येतो? इंग्रजी चरित्रांत हा प्रश्नच नाही. त्यांत तुकाराम तात्या हे एक ‘स्थानिक सदस्य’ असतात.

२७/
इथे भक्त आणि निंदक यांच्यातला फरक पुसला जातो. भक्तांच्या चरित्रात हिंदी माणसे ‘चेला’ असतात, निंदकांच्या चरित्रात ‘भोळे’ किंवा ‘साथीदार’. दोन्हीकडे ती बाईंच्या खरेखोटेपणाचा पुरावा म्हणून हजर होतात आणि साक्ष संपताच निघून जातात. त्यांना सोसायटीकडून काय हवे होते, त्यांनी ते मिळवले काय, त्याची किंमत काय मोजली, हे कुणी विचारत नाही. परक्या सत्तेखाली वाढलेल्या पिढीला आपल्या परंपरेविषयी गोऱ्या तोंडून चांगला शब्द ऐकण्याची किती भूक होती, हे समजल्याशिवाय बाईंचे मुंबईतले यश समजत नाही.

२८/
आक्षेप येईल : असे वाचणे म्हणजे लबाडीवर पांघरूण घालणे नव्हे काय? नव्हे. किडलचा उतारा चोरीचाच दिसतो. चमत्कारांपैकी पुष्कळसे रचलेले होते, हाच आज हाती असलेल्या पुराव्यावरून अधिक संभाव्य निष्कर्ष आहे, आणि तो स्पष्ट शब्दांत सांगावा. परंतु ‘ठग’ हा शब्द उच्चारल्यावर वाचनही थांबते, ही अडचण आहे. ठगाला गिऱ्हाईक का मिळाले, त्याच वेळी का मिळाले आणि गिऱ्हाइकाने त्या मालाचे पुढे काय केले, हे इतिहासाचे प्रश्न त्या शब्दानंतर सुरू होतात.

२९/
आणि ‘माला’चे पुढे बरेच काही झाले. सोसायटीत वावरलेले ए. ओ. ह्यूम १८८५ मध्ये काँग्रेसच्या स्थापनेत पुढे होते. ‘द सीक्रेट डॉक्ट्रिन’चे परीक्षण लिहिता लिहिता ॲनी बेझंट थिऑसॉफीकडे वळल्या आणि १९१७ मध्ये काँग्रेसच्या अध्यक्ष झाल्या. लंडनमध्ये शिकणाऱ्या तरुण गांधींची बाईंशी भेट झाली. ‘की टू थिऑसॉफी’ वाचून हिंदू धर्मग्रंथ वाचण्याची इच्छा झाली, असे ते आत्मकथेत नोंदवतात. मात्र या परिणामांचा उपयोग बाईंना निर्दोष ठरवण्यासाठी करणे हीही पळवाटच. परिणाम मोठा असणे आणि दावा खरा असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

३०/
ज्याला या चरित्रांत शिरायचे आहे त्याने एक पथ्य पाळावे : एकटे चरित्र कधी वाचू नये. क्रॅन्स्टन वाचल्यास मीड शेजारी ठेवावी. हॉजसन वाचल्यास हॅरिसन, आणि हॅरिसननंतर पुन्हा हॉजसन. ऑल्कॉटच्या ‘ओल्ड डायरी लीव्ह्ज’मध्ये मुंबईचे दिवस जिवंत आहेत, पण त्याही कर्नलने उत्तरायुष्यात लिहिलेल्या आठवणी आहेत, हे विसरू नये. स्वेन एक यांचा दामोदरवरील १९६५ चा ग्रंथ अड्यारहून, म्हणजे घरच्याच छापखान्यातून आलेला. तरी त्यात दामोदरचे स्वतःचे लिखाण एकत्र सापडते, आणि तेच अधिक मोलाचे.

३१/
शेवटी मराठी वाचकासाठी एक काम उरते. ब्लाव्हाट्स्कीबाईंच्या खरेखोटेपणाचा निवाडा इंग्रजी चरित्रकार आणखी शंभर वर्षे करीत राहतील. त्यांच्याजवळ त्याची सामग्री आहे आणि हौसही. पण गिरगावातल्या त्या बिऱ्हाडात येणारी-जाणारी माणसे मराठी बोलत होती, मराठीत लिहीत होती, मराठी समाजातल्या जातीशी भांडत होती. त्यांचा माग त्या काळच्या मराठी वृत्तपत्रांत, पत्रव्यवहारांत, जुन्या ग्रंथालयांच्या कपाटांत शोधावा लागेल. दामोदर मावळणकर आणि तुकाराम तात्या यांना ‘चेला’ आणि ‘साथीदार’ या दोन शब्दांतून बाहेर काढणे, हे त्या शोधाचे पहिले उद्दिष्ट असावे.

(धागा समाप्त)